मु. पो. तूर

वसमत रोडच्या नर्सरीत
गुलाबाच्या मानेवर गाठ दिसली की
अण्णा काही न बोलता खुरपं घ्यायचे.
रोप मुळासकट, मातीसकट
मागच्या पऱ्हाट्यांच्या जाळात.
मग खुरपंही त्याच जाळावर धरायचे
लाल होईस्तोवर.
"मातीतला जंतू हाय. एकाला शिवला की वाफा गेला."
मी तेव्हा सातवीत.
राख उडून माझ्या वहीवर बसायची.

आता तोच जंतू मी पोसते.
अठ्ठावीस अंशांवर, हलत्या फ्लास्कमध्ये, रात्रभर.
बाहेर परभणी चव्वेचाळीसवर.
लाइट गेली की मुजीबभाई जनरेटरकडे पळतात,
एक चप्पल पायात, एक व्हरांड्यात.

त्याची नांगी काढलीय, अण्णा.
गाठ करणारी अक्षरं खोडून टाकली,
घरात शिरायची खोड तेवढी ठेवली.

एक गोष्ट तुम्हाला आधीच ठाऊक होती,
मला पुस्तकात उशिरा सापडली:
धडधाकट रोपाकडे तो फिरकत नाही.
कलम बांधताना चाकू घसरतो,
साल फाटते,
जखम भरून यावी म्हणून रोप जो रस सोडतं
त्याच रसाच्या वासावर हा पोहत येतो.
म्हणून मोड आलेल्या तुरीच्या सांध्यावर
मी ब्लेडने तीन चिरा देते.
हात थरथरतो.
कात्रुवार मॅडम मागून म्हणतात,
"घाबरून कापलंस तर कुणी येणार नाही."

पूर्वी तो पत्र टाकायचा ते कुठंही.
गोठ्यात, हौदात, भलत्याच्या माजघरात,
कधी एखाद्या चालू वाक्याच्या मधोमध,
की ते वाक्य जन्माचं तोतरं.
आता आम्ही पाकिटावर लिहून देतो:
मु. पो. तूर, गुणसूत्र सात,
अमक्या अक्षरांच्या पुढे, तमक्यांच्या अलीकडे,
दोन्हीकडचे शेजारी नावानिशी.
सोबत कात्री देतो, तेवढीच शिवण उसवायला.
पत्रात मजकूर एका ओळीचा:
मर आली तरी उभी राहा.
पोस्टमन मात्र जुनाच आहे,
आणि त्याला वाचता येतं का
हे अजून कुणी खात्रीनं सांगत नाही.

चारशे बारा तुकडे होते.
बहुतेक पांढरे पडून गेले,
काहींवर बुरशी चढली, एक बशी माझ्याच हातून सांडली.
एकोणीस हिरवे राहिले.
शनिवारी जेलवर उजेड टाकला.
सोळा नुसतेच चिवट, पत्राबित्राविना जगलेले.
दोघांत पत्र पोचलं, पण भलत्या दारी.
अकराव्या खाचेखाली
तांदळाएवढी एक रेघ,
जिथं हवी तिथं.
मी दिवा बंद करून पुन्हा लावला.
मुजीबभाई वाकून बघून म्हणाले, "इत्तीसी?"

रात्री अण्णांना सगळं सांगितलं,
नांगीपासून कात्रीपर्यंत.
ते मोसंबीच्या डोळ्यावर पट्टी गुंडाळत होते.
"म्हंजी ज्येला मी जाळलं
तेला तू पोसू लालीस."
हाव.
"अन् आता त्यो सांगितल्या घरी जातो."
चारशेत एकदा.
मग बराच वेळ पट्टीचीच चरचर.
पलीकडे बोअरची मोटर लागली, बंद पडली.
"उन्हात कवा काढणार त्या रोपाला?"
वर्ष तरी लागेल. आधी कुलपातलं जाळीघर,
मग कागद, मग परवानग्या.
त्यांनी गाठ मारली, उरलेली पट्टी दातानं तोडली.
"मानेकडं बघत जा," म्हणाले,
आणि खुरपं धोतराला पुसून
माझ्या पिशवीत ठेवलं.